काचेवरची पुसणी

मोटारीच्या अवयवांपैकी सर्वांत उपेक्षित अवयव कोणता, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही समोरच्या काचेवरील वायपरकडे बोट दाखवू. एंजिनाची विचारपूस होते, चाकांतील हवा पाहिली जाते, हॉर्नची तर नको तितकी आठवण ठेवली जाते. पण वर्षाचे आठ-नऊ महिने काचेच्या पायथ्याशी निमूटपणे पडून राहणाऱ्या या दोन रबरी पात्यांची चौकशी पहिला पाऊस येईपर्यंत कोणी करीत नाही, आणि तो आल्यावर चौकशी करून फारसा उपयोग नसतो. तिला 'काचपुसणी' म्हणावे असे आमचे जुने मत. पण तेहतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत एकाही चालकाने, मिस्त्रीने वा भांडारपालाने तो शब्द आमच्या तोंडी टिकू दिला नाही. वायपर म्हणजे वायपर. असो.

आपल्या मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्या माणसाला या विषयाची गोडी लागावी, याला कारण आहे. घरी राहणाऱ्यास एकच आभाळ ठाऊक असते. आम्ही रत्नागिरीकडचे, मृगाच्या आगेमागे कोसळू लागणारा, कौलांवर ताशा वाजविणारा पाऊस हाच काय तो पाऊस, अशी आमची समजूत. बदलीचा हुकूम हाती पडला की आपण घरभाड्याची, मुलांच्या शाळेची आणि तेथील मराठी मंडळात गणपती बसतो की नाही याची चौकशी करतो. तेथील आभाळाची करीत नाही. ती चौकशी पुढे गाडीच्या काचेवर आपोआप होते.

आमची पहिली मोठी बदली पश्चिम राजस्थानात झाली, तेव्हा वायपरचे येथे काय काम, असे वाटले. वास्तविक पाण्यापेक्षा धूळच त्याची अधिक परीक्षा घेते. वाळूतील गारेचे कण काचेहून कठीण असतात. कोरड्या धुळीने माखलेल्या काचेवर वायपर फिरविला म्हणजे आपण पॉलिशकागदाने काच घासतो. दिवसा त्याचे काही दिसत नाही. पण रात्री समोरून दिवे आले की त्या अर्धवर्तुळाकार ओरखड्यांतून प्रकाश असा फाकतो की रस्ताच नाहीसा होतो. मे-जूनच्या आंधीनंतर चार मोठे थेंब पडतात, ते तर याहूनही वाईट; कारण त्यांनी धूळ धुतली जात नाही, तिचा चिखल होतो. अशा वेळी वायपरच्या खटक्याकडे हात नेण्यापूर्वी काचेवर पाणी हवे, आणि तेही हात सैल सोडून. फवाऱ्याची टाकी रिकामी असेल तर उतरून बाटलीभर पाणी ओतावे, पाते उचलून त्याची धार ओल्या फडक्याने पुसावी, आणि मगच पुढे जावे. संध्याकाळी काचेवर आपटून मरणाऱ्या किड्यांनाही हाच नियम. कोरडे पुसले की त्यांचा लेप होतो.

धुळीइतकाच दुसरा शत्रू म्हणजे ऊन. वायपरच्या रबराची धार प्रत्येक फेरीला कूस बदलते. डावीकडे जाताना ती उजवीकडे लवते, परतताना डावीकडे. तिला अशी कूस बदलता येते तोवर काच स्वच्छ होते. उन्हाने रबर ताठरले की धार एकाच अंगावर निजून राहते, परतीच्या फेरीत टरटर आवाज करीत काचेवर उड्या मारते आणि मागे पाण्याच्या रेघा ठेवून जाते. म्हणजे रबर वापरल्याने झिजते तसे न वापरतानाही मरते. ही साधी गोष्ट एका कार्यालयास पटवून देण्यात आमचे जवळजवळ एक वर्ष गेले.

ते साल १९९४. आमच्या हाताखालील एका जीपच्या चालकाने फेब्रुवारीत नव्या पात्यांची मागणी लिहून दिली होती. कागद भांडारात गेला, तेथून लेखाशाखेत गेला आणि शेरा घेऊन परत आला: मागील जोडी चौदा महिन्यांपूर्वीच दिली आहे, या भागात पाऊस नगण्य असल्याने तिचा वापर झालेला दिसत नाही, सबब मागणीचे कारण स्पष्ट करावे. चालकाने आपल्या अक्षरात कारण लिहिले. त्यावर आणखी एक पृच्छा आली. तोवर जुलै उजाडला.

त्या महिन्यात एका रात्री दौऱ्यावरून परतताना आंधी उठली आणि तिच्या पाठोपाठ पाऊस. पात्यांनी काचेवर चिखलाचा पडदा ओढला. आत बसलेल्या अधिकाऱ्यास रात्रीची रेल्वे गाठायची होती, म्हणून चालकाने थांबण्याऐवजी खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकली. पावसाच्या माऱ्यात डोळे किलकिले करून चालविणाऱ्यास जे दिसेल तेवढेच त्याला दिसत होते. बिनदिव्याची एक उंटगाडी त्याला दिसली ती फार उशिरा. उंट बचावला; गाडीवानाचा पाय मांडीत मोडला.

चौकशी आमच्याकडे आली. कागदपत्रे पाहता प्रकरण सरळ होते: चालकाचा निष्काळजीपणा. तो नव्हताच, असे आमचेही म्हणणे नव्हते. दिसत नसता गाडी पुढे नेणे हा दोष आहेच. तथापि पाच महिने फिरत राहिलेली ती मागणीही त्याच नस्तीत होती. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ यांतील १०१ वा नियम काच असलेल्या मोटारीस यंत्रशक्तीने चालणारा 'कार्यक्षम' वायपर असावा असे सांगतो. आम्ही त्या एका विशेषणाखाली रेघ मारली आणि मागणीच्या सर्व तारखा अहवालात क्रमाने मांडल्या. वरिष्ठ गृहस्थ सज्जन होते. त्यांनी चहाला बोलावून, तो परिच्छेद वगळल्यास अहवाल अधिक आटोपशीर होईल, असे सुचविले. आम्ही परिच्छेद ठेवला. त्या वर्षीच्या आमच्या गोपनीय अहवालात 'मताग्रही' हा शब्द आला, तो वाचून आमच्या सौभाग्यवतींनी, "एवढे ओळखायला सरकारला इतकी वर्षे लागली?" असा प्रश्न केला. चालकाची नोकरी वाचली. त्याला ठपका आणि वेतनवाढीस एक वर्षाची अटक एवढ्यावर निभावले. पुढील वर्षापासून जूनच्या पहिल्या आठवड्यात मागणीवाचून नवी पाती मिळू लागली. गाडीवानास भरपाई मिळाली ती चार वर्षांनी, आणि पाय काही पूर्ववत् झाला नाही.

शिलाँगला बदली झाली तेव्हा आम्ही स्वतःस वायपरशास्त्राचे जाणकार समजू लागलो होतो. तेथील पावसाने ती समजूत फार दिवस राहू दिली नाही. जवळच्या चेरापुंजीस ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्याची नोंद आहे. हा आकडा शाळेत पाठ केलेला असतो. त्याचा अर्थ गुवाहाटी-शिलाँग रस्त्यावर जुलैच्या दुपारी कळतो. आमचा चालक खासी होता, वयाने आमच्याहून थोर. आम्ही त्याला तिकडच्या रीतीप्रमाणे 'बाह' म्हणत असू. वायपरचा वेग वाढवावा लागला की गाडीचा वेग कमी करायचा, अशी त्याची पद्धत. बहुतेक लोक उलट करतात. वायपर जोरात फिरू लागला की त्यांना धीर येतो. पात्याच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात काच पाण्याने भरते आणि तेवढा रस्ता आपण आंधळेपणाने कापतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

एकदा महत्त्वाच्या बैठकीस निघालो असता नाँगपोजवळ त्याने गाडी बाजूस घेतली. वायपर पूर्ण वेगात होता.

"का थांबलास, बाह?"

"साहेब, पुढच्या ट्रकचा लाल दिवा पाणी पुसल्यावरही दिसत नाही. आता वायपरचे काम संपले."

आम्हांस ती उंटगाडी आठवली आणि आम्ही काही बोललो नाही. टपरीवर चहा घेतला, मीठ लावलेले अननस खाल्ले आणि पन्नास मिनिटांनी निघालो. बैठक हुकली. विलंबाचे स्पष्टीकरण मागविणारे पत्र चौथ्या दिवशी आले. 'रस्ता दिसत नव्हता' एवढेच उत्तर आम्ही लिहिले. त्यावर पुढे पृच्छा आली नाही, हे नमूद केले पाहिजे.

या साधनाचा उगम एका प्रवासी बाईच्या चौकस नजरेत आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असता, बर्फाच्या भुरभुरीत ट्रामच्या चालकाची होणारी त्रेधा त्यांनी पाहिली, आणि १९०३ साली आतून हाताने दांडा ओढून काच पुसण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. व्यापाऱ्यांना तीत पैसा दिसला नाही. त्यांच्या पदरात त्यातून काही पडले नाही. थांबून थांबून फिरणारा वायपर पुढे रॉबर्ट कर्न्स यांनी १९६० नंतरच्या दशकात सिद्ध केला, तो माणसाच्या पापणीवरून. डोळा अखंड उघडझाप करीत नाही, गरजेपुरती करतो. रिमझिम पावसात आपणही तोच खटका वापरावा. जवळजवळ कोरड्या काचेवर अखंड फिरणारा वायपर रबर खातो आणि मोटारीस शिणवितो.

दिल्लीकर वाचकांस धुके सांगणे म्हणजे पंढरपुरास अबीर नेणे होय. तरी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात शहाणी माणसेही चकतात. काच धुरकट झाली की ती कोणत्या अंगाने झाली हे आधी बोटाने पाहावे. हिवाळ्यात आपल्याच श्वासाची वाफ आतून धरते. तिला वायपर काय करणार? तेथे काचेवर ऊन हवेचा झोत सोडावा आणि एसीही चालू करावा, कारण तो हवेतील ओल काढून घेतो. याउलट कलकत्त्याच्या भाद्रपदी उकाड्यात एसीने काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून साचते. तेथे वायपर फिरवावा आणि गारवा थोडा कमी करावा. धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवावा, हे ओघाने आलेच. सिमल्यास रात्री हिम धरते तेथे पाती काचेपासून उभी करून ठेवावीत. गोठून चिकटलेला वायपर जबरीने चालविला तर त्याची मोटार जळते. आणि गोठल्या काचेवर उकळते पाणी कदापि ओतू नये. काच तडकते.

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत थेंब ओळखून आपोआप चालू होणारे वायपर असतात. काचेच्या आतून सोडलेला अदृश्य प्रकाश कोरड्या काचेतून परावर्तित होऊन परततो. थेंब पडला की त्यातील काही बाहेर निसटतो आणि यंत्रास पाऊस कळतो. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी हैदराबादेस अशी गाडी घेतली आणि मोठ्या कौतुकाने आम्हांस दाखविली. आम्ही पाते उचलून धारेवरून बोट फिरविले. चालकाच्या बाजूच्या रबरास एके ठिकाणी चीर होती.

"बाबा, हे आपोआप चालतं," ते म्हणाले.

"ते चालेल रे, पुसेल का?" आम्ही विचारले.

दुसऱ्या दिवशी दोघे जाऊन नवी जोडी घेऊन आलो. दुकानी जाण्यापूर्वी दोन्ही पाती वेगवेगळी मोजून घ्यावीत. पुष्कळ गाड्यांत त्यांची लांबी सारखी नसते.