एक कोरी सही

सही करणें हें आमच्या पेशांतलें नित्यकर्म आहे. हजेरीपट, निबंधांच्या वह्या, वर्तणुकीचे दाखले, परीक्षकांचीं बिलें, एका टर्ममध्यें किती ठिकाणीं आम्हीं आपलें नांव गिरविलें असेल ह्याची गणती नाहीं; आणि त्यांपैकीं किती कागद वाचून पाहिले असें कोणी विचारल्यास आम्हांस खालीं मान घालावी लागेल. तेव्हां २०१६ सालच्या उन्हाळ्यांत आमची जुनी मारुती ८०० विकतांना आणखी तीन सह्या आम्हीं तशाच करून टाकल्या, ह्यांत नवल कांहींच नव्हतें.

गाडी २००६ सालीं घेतलेली. तिच्यांतून आमचीं मुलें शाळेंत गेलीं, आमच्या मातोश्री इस्पितळांत गेल्या, आणि एकदां खंबाटकीच्या घाटांत भर पावसांत अर्धी रात्रहि तिच्यांतच काढावी लागली. गिऱ्हाईक म्हणून आला तो आमचाच एक जुना विद्यार्थी. साठ हजार रुपये त्यानें टेबलावर मोजून ठेवले, वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, कागदांचें मी बघतों. आपण फक्त सह्या करून द्या." आतां वाचकहो, ज्यानें दोन वर्षें आमच्यापुढें बसून शेक्सपिअर ऐकला, त्याला 'बाबा रे, खरेदीदाराच्या रकान्यांत आधीं तुझें नांव लिही' असें सांगावयाचें कसें? तें त्याच्या नमस्काराची पावती मागण्यासारखें झालें असतें! आमच्या कुटुंबानें दारांतून खुणावून पाहिलें. आम्हीं तिकडे काणाडोळा केला. नमुना २९ च्या दोन प्रती आणि नमुना ३०. वर सारें कोरें, खालीं आमची सही. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही फाटकांत उभे होतों.

कायदा काय म्हणतो तें आम्हीं वाचलें तें पुढें, नाक दाबल्यावर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें पन्नासावें कलम असें सांगतें कीं, गाडी राज्यांतल्या राज्यांत विकली असतां विकणारानें चौदा दिवसांच्या आंत नोंदणी-अधिकाऱ्यास कळवावें आणि घेणारानें तीस दिवसांच्या आंत. म्हणजे नमुना २९ ही विकणारानें द्यावयाची वर्दी. ती दुसऱ्याच्या खिशांत घालून आपण मोकळे झालों असें समजणें, हें पत्र लिहून तें चोरापाशीं टपालांत टाकावयास देण्यापैकींच आहे. आमचा विद्यार्थी चोर नव्हता, हें येथेंच सांगून टाकतों. तो आमच्याइतकाच आळशी होता, एवढेंच.

१९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानें पाहूं गेल्यास सौदा ठरला, माल ताब्यांत गेला, कीं सामान्यतः मालकी गेली. पण मोटारींच्या कायद्यांत मालक म्हणजे नोंदवहींत ज्याचें नांव आहे तो. त्यामुळें एकाच गाडीला दोन मालक संभवतात. एक ती चालविणारा आणि दुसरा तिचे भोग भोगणारा.

२०१८ च्या नोव्हेंबरांत एके सकाळीं शेजारच्या जिल्ह्यांतून फोन आला. "अमुक नंबरची गाडी आपली का?" आम्ही म्हणालों, "होती." पलीकडचा हवालदार शांतपणें म्हणाला, "कागदावर आहे, साहेब."

सायकलवरून दुधाच्या किटल्या घेऊन जाणाऱ्या एका मनुष्यास गाडीनें उडविलें होतें. पाय दोन ठिकाणीं मोडला. विद्यार्थ्यास फोन केला, तों तो गांगरून म्हणाला, "सर, मी तर ती वर्षाच्या आंतच एका दलालाला देऊन टाकली!" दलालानें ती तिसऱ्यास दिली होती, तिसऱ्यानें चौथ्यास, आणि प्रत्येक वेळीं गाडीबरोबर आमच्या त्या कोऱ्या सह्याहि हातोहात फिरत होत्या. विम्याचें म्हणाल, तर तो चालू असता तर गाडीबरोबर तोहि नव्या धन्याकडे गेला असें कायदा मानतो आणि भरपाई विमाकंपनीवर पडती. पण मुदत संपून पांच महिने झाले होते. चौथ्या धन्याला वाटलें, विमा ज्याच्या नांवावर आहे तो भरील. आणि आम्हांस वाटलें, आमच्या नांवावर आतां कांहींच नाहीं.

वकिलांनीं आमच्यापुढें सर्वोच्च न्यायालयाचा त्याच वर्षाच्या फेब्रुवारींतला निकाल ठेवला: नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार. तेथेंहि गाडी एकामागून एक कित्येक हातांतून गेलेली, आणि जबाबदार धरला गेला तो नोंदवहींतला पहिला गृहस्थ. जखमी मनुष्यानें किंवा त्याच्या वारसांनीं शेवटचा खरेदीदार हुडकीत फिरावें काय, असा न्यायालयाचा एकंदर रोख होता. तें वाचून आम्हांस राग आला; परंतु त्याला उत्तर मात्र सांपडेना.

त्या मनुष्यास भेटावयास जाऊं नये, असें वकिलांनीं बजाविलें होतें. आम्ही गेलों. ओसरीवर खाटेवर पाय लांब करून तो पडला होता. त्यानें आम्हांस न्याहाळून विचारलें, "मास्तर, गाडी चालवनारा तुमचा कोन?"

"कोणीहि नाहीं."

"मंग तुमी का आला?"

सव्वीस वर्षें वर्गांत प्रश्नांचीं उत्तरें देण्यांत गेलीं; ह्या एका प्रश्नापुढें आम्ही मुकाट्यानें चहा प्यालों. प्रकरण लोकअदालतींत मिटलें. आमच्या वाट्यास एक लाख चाळीस हजार आले. विद्यार्थ्यानें त्यांतले चाळीस आणून दिले, आणि ह्या वेळीं मात्र त्यानें पावती मागितली.

पुढें २०२२ सालीं आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याची मोटार त्यांच्या पत्नीनें आम्हांस देऊं केली. पुस्तकावर नांव अर्थातच त्यांचें. आम्हीं सांगितलें कीं, आधीं नमुना ३१ भरून गाडी तुमच्या नांवावर होऊं द्या, मग २९ आणि ३०, आणि तोंवर आम्ही किल्लीला हात लावणार नाहीं. त्या दुखावल्या. "भाऊजी, मी का कुठें पळून जातें आहें?" असें त्या म्हणाल्या, तेव्हां त्या जुन्या नमस्काराच्या वेळचा संकोच पुन्हां आमच्या जिभेवर येऊन बसला. पण पाय मोडलेला तो मनुष्य डोळ्यांपुढून हालेना.

दोन महिने लागले. अखेर सह्यांसाठीं आम्ही समोरासमोर बसलों. प्रत्येक रकाना भरलेला आहे ना हें आम्हीं दोनदां पाहिलें. त्यांनींहि प्रत्येक ओळ वाचली आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, "ह्यांचें नांव तेव्हांच निघालें, नाहीं का? माझें आलें तेव्हांच."

टपालानें नवें पुस्तक आलें, तेव्हां त्याची एक नक्कल काढून आम्ही त्यांच्या घरीं नेऊन दिली. त्यांनीं ती यजमानांच्या जुन्या पुस्तकाच्या नकलेबरोबर कपाटांत ठेवली.