गोळी आणि चिंचेचे झाड

बेगम बाजारात आमच्या चार पिढ्या नांदल्या. हळद-मिरचीच्या ठसक्यात वाढलेले आम्ही शासकीय सेवेत शिरलो आणि पुढची 35 वर्षे फायलींच्या संगतीत बसून काढली. 2017 साली निवृत्त झालो, तेव्हा डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहून कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली व रोज चालण्यास सांगितले. आमचे थोरले बंधू 58व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते. त्यामुळे आम्ही मुकाट्याने ऐकले, पण अर्धेच!

तीन महिन्यांत अहवाल सुधारला आणि आम्ही चालणे सोडले. गोळी पाठीशी आहे या भरवशावर मिरची-भज्यांशी पुन्हा सलगी केली. वर्षभरात घरचा जिना चढताना दम लागू लागला. मग चालू लागलो, आणि अंगात हुशारी येताच सौभाग्यवतींच्या नकळत गोळी बंद केली. दोन महिन्यांत वाईट कोलेस्टेरॉल पूर्वपदावर आले.

डॉक्टरांनी न रागावता समजावले. आपले शरीर, विशेषतः यकृत, स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते. स्टॅटिनची गोळी ते काम रोखते, आणि मग यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल अधिक ओढून घेते. चालण्याने ते फारसे उतरत नाही. मात्र रक्तदाब व साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, हृदयाची ताकद वाढते. दोघांची कामे वेगळी. अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक माजी सैनिकांची पाहणी 2012 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. गोळी घेणाऱ्या आणि शरीरानेही सक्षम असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले.

आता रात्री गोळी सौभाग्यवतींच्या देखत घेतो. स्नायू दुखले तर मनानेच ती सोडायची नाही, डॉक्टरांना विचारायचे, हेही ठरले आहे. पहाटे दुकाने उघडण्यापूर्वी अफझलगंजच्या ग्रंथालयावरून उस्मानिया रुग्णालयापर्यंत चालतो. तिथल्या चिंचेच्या झाडाने 1908च्या मूसीच्या महापुरात सुमारे दीडशे माणसे वाचवली, असे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. झाड उभे होते म्हणून माणसे वाचली, हे खरेच. पण त्यावर चढावे ज्याचे त्यालाच लागले. थोरल्या बंधूंना ही संधी मिळाली नाही. आम्हांला मिळाली आहे.