समासातली पेन्सिल

वाचन हा एकट्याचा मामला, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. आमचं नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. तिथून दिवाळी अंक आणायचा, अनुक्रमणिकेत विज्ञानकथा शोधायची आणि रात्री तीच आधी वाचायची. परिषदा, स्पर्धा, बक्षीस समारंभ म्हणजे नुसती हारतुऱ्यांची हौस. साहित्याशी त्यांचा काय संबंध?

आता मला तसं म्हणवत नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी फिरवलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी उतरवून काढली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं! जगभर नाव झालेल्या या शास्त्रज्ञाची कथा कुठल्याही संपादकाने डोळे मिटून छापली असती. त्यांना हवे होते नाव न बघता कथा पारखणारे वाचक. ते १९६६ साली स्थापन झालेल्या परिषदेने जमवून ठेवले होते. ती स्पर्धा नसती तर ही कथा तेव्हा कागदावर उतरली असती, असं मला वाटत नाही.

अमेरिकेतही हेच घडलं. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि वाचकांची पत्रं पत्त्यांसकट छापली. पोरं एकमेकांना थेट लिहू लागली, क्लब निघाले, १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन भरलं. त्या संमेलनाला जायला रे ब्रॅडबरीला पैसे उसने दिले ते फॉरेस्ट ॲकरमन या त्याच्यासारख्याच वेड्या वाचकाने. ब्रॅडबरी पुढे केवढा लेखक झाला!

आपल्याकडे पत्ते नव्हते, पण समासात पेन्सिल फिरत होती. एका जुन्या अंकात कथेखाली कुणी लिहिलंय, ‘शेवट पटला नाही.’ खाली दुसऱ्या अक्षरात, ‘परत वाचा.’ तिसऱ्याने प्रकाशाचा वेग धरून अख्खं गणित मांडलंय आणि लेखकाचा हिशेब चुकल्याचं दाखवलंय. पूर्वी असली अक्षरं दिसली की मी चिडायचो. आता ती तिघं कोण, एकमेकांना कधी भेटली का, याची हुरहुर लागते.

विज्ञानकथांच्या कपाटाशी एक वही ठेवू द्या, अशी विनंती मी ग्रंथपालांना केली आहे. वाचणाऱ्याने नाव लिहावं, आणि चालत असेल तर फोन नंबरही.