यंत्राची साक्ष

वाघोलीस नगर रस्त्यावर दुकानोदुकानीं लागलेले कॅमेरे पाहून पुष्कळांस हायसें वाटतें. आम्हांस मात्र जालन्याचा खटला आठवतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींतील उमेदवारीअर्ज दुपारीं तीनची मुदत टळल्यावर आला, असें सरकारी चित्रणांत दिसत होतें. पण त्या चित्रणाचा दाखला वारंवार मागूनहि अधिकारी देईनात! अखेर १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, दाखला हवाच; मात्र मागणाराचे सारे उपाय खुंटले असतील तर त्याची अडवणूक नको.

२०२४ पासून दाखल्यांत ‘हॅश’ आंकडाहि लागतो. मूळ व नक्कल यांचा तो आंकडा जुळला म्हणजे नक्कल बदललेली नाहीं, एवढेंच कळतें. आवाज कोणाचा, चेहरा कोणाचा, हें यंत्र सांगतें तें केवळ साम्याच्या मापानें. आणि यंत्राची उलटतपासणी होत नाहीं. तेव्हां तें माप काढणारा तज्ज्ञ साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत बोलाविण्याचा आग्रह आरोपीच्या वकिलानें सोडूं नये.