गुंतवळ

वेणी घालून झाली की आई फणीत अडकलेलं गुंतवळ काढायची, तर्जनीवर गुंडाळायची आणि त्याची बोराएवढी गोळी करून मागच्या दारामागच्या खुंटीवर टांगलेल्या पिशवीत टाकायची. पिशवी जुन्या परकराची होती. साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत दर दोन-तीन महिन्यांनी डोक्यावर टोपली घेऊन एक बाई यायची. 'केसं हायती का, केसं!' अशी तिची आरोळी आली की आम्ही पोरं खुंटीकडे धावायचो. केसांच्या बदल्यात फुगे, पिना, सुया मिळायच्या. केस जास्त असले तर भांडं मिळायचं.

एरवी ती पिशवी भरायला दोन दिवाळ्या लागत. मी सातवीत होते त्या वर्षी ती गणपतीत रिकामी केली आणि संक्रांतीला पुन्हा गच्च भरली. टोपलीवालीने ती हातावर तोलून पाहिली, नाक मुरडलं, घासाघीस झाली आणि शेवटी स्टीलची एक वाटी आमच्या घरी आली. काठ बाहेर वळवलेला, बूड जाड. आम्ही भावंडं खूश होतो. आईने भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून तिच्यावर नाव घालून घेतलं. नाव अर्थातच वडिलांचं.

इतके केस कुठून आले, असं त्या दिवशी कोणीच विचारलं नाही.

पन्नाशीला टेकल्यावर पुण्यातल्या माझ्या न्हाणीघरातली जाळी तुंबायला लागली, तेव्हा मात्र मी पुष्कळ प्रश्न विचारले. चुकीच्या जागी विचारले, एवढंच. आधी सोसायटीच्या टँकरच्या पाण्याला दोष दिला. मग शाम्पू बदलला. मग माका घालून तेल उकळलं. त्या तेलाच्या वासाने मुलगा दोन दिवस मित्राकडे राहिला. केस गळायचे थांबले नाहीत. उरलेलेही आपले वाटेनात. हाताला नारळाच्या शेंडीसारखे लागायचे, कोरडे आणि राठ.

त्यातच रंगाची भानगड. कानशिलावरचे पांढरे मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापासून मेंदीने झाकत आले होते. आदल्या रात्री लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवायची, त्यात आवळापूड आणि चमचाभर काथ, सकाळी तो काळपट गोळा ब्रशने थापायचा आणि डोक्यावर पिशवी बांधून दोन तास वर्तमानपत्र वाचायचं. हा माझा रविवारचा सुखाचा कार्यक्रम होता. त्या वर्षी मे महिन्यात, बाहेर एकेचाळीस अंश असताना, मेंदी लावून बसले आणि मला हुडहुडी भरली. आधी पंखा बंद केला, मग शाल घेतली. नवरा बनियनवर घाम पुसत म्हणाला, "डोक्याला मेंदी लावलीयेस की बर्फ?" आम्ही दोघंही हसलो. मेंदी थंड असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती इतकी थंड नसते, हे मात्र आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मेंदी सोसेना म्हणून पार्लर धरलं. गल्लीतलंच, दोन खुर्च्यांचं, आरशाला गजाननाचं स्टिकर. तिथल्या मुलीने तीनदा रंग लावला आणि तिन्ही वेळा तो पंधरा दिवसांत विटला. मुळाशी पांढरं, मध्ये तांबूस आणि टोकाला डांबर. चौथ्या वेळी तिने ब्रश बाजूला ठेवला, एक बट दोन बोटांत धरून वरखाली चोळली आणि म्हणाली, "काकू, रंगात काही खोट नाहीये. केसच धरत नाहीयेत. थायरॉइड बघितलंय का कधी?"

बारावीनंतर सहा महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी ती. माझ्या आजाराचं निदान तिने केलं, असं मी आजही सांगते.

ती म्हणाली त्यात तथ्य कसं होतं, हे मला नंतर उमगलं. केसावर माशासारखी खवल्यांची साल असते. डायमधला अमोनिया ती खवली उचलतो, रंगाचे बारीक बिनरंगी कण आत शिरतात, पेरॉक्साइडशी गाठ पडली की तिथेच फुगून रंगीत होतात आणि मोठे झाल्यामुळे आत अडकून बसतात. उंदीर बिळात शिरावा, आत खाऊन लठ्ठ व्हावा आणि बाहेर पडता येऊ नये, तसंच. या युक्तीतलं मुख्य रसायन कसं रंगतं, ते हॉफमन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1863 मध्ये टिपून ठेवलं आणि 1907 मध्ये पॅरिसच्या युजेन श्युलरने त्याच जातीच्या रसायनांतून केसांचा डाय विकायला काढला. आपल्याकडची काळी मेंदी काळी असते तीही बहुधा याच रसायनामुळे. नुसती मेंदी कधीच काळी नसते. पण हे सगळं जमायचं तर बिळाचं तोंड मिटायला हवं. माझ्या केसांची खवली आधीच विस्कटलेली होती. रंग धावत आत गेला आणि तसाच धावत न्हाणीघरातून वाहून गेला.

रक्त तपासलं. टीएसएच बेचाळीस आलं. कागदावर शेजारी छापलेली वरची मर्यादा चार-साडेचारची. मी डॉक्टरांना म्हटलं, हे वाढलंय म्हणजे थायरॉइड जास्त झालंय ना? ते म्हणाले, उलटं. टीएसएच ही मेंदूखालच्या ग्रंथीने गळ्यातल्या ग्रंथीला मारलेली हाक. ऐकणारा झोपला की हाक मोठी होते. तुमच्याकडे बोंबाबोंब चाललीय.

आपण 'मला थायरॉइड आहे' म्हणतो, जसं काही इतरांना नसतंच. गळ्याशी, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखरासारखी पसरलेली ही ग्रंथी प्रत्येकाला असते. मराठीत तिला अवटू असं नाव आहे. ते कोणी वापरत नाही याचं मला थोडं वाईट वाटतं, कारण कुठल्यातरी बुटक्या, अबोल नोकराचं नाव असावं असा तो शब्द आहे. माझ्या अवटूवर माझ्याच शरीराची शिपाईमंडळी चाल करून गेली होती. हा प्रकार 1912 मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहून ठेवला, म्हणून आजाराला त्यांचं नाव. तो बायकांत जास्त आढळतो आणि घराण्यात उतरतो. 'घरात कोणाला होतं का?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला मी पटकन 'नाही' म्हटलं.

केसांचा आणि गळ्याचा संबंध काय, हे मी त्यांना खोदून विचारलं. डोक्यावर लाखभर केस असतात. त्यातले दहांतले नऊ वाढत असतात, उरलेले तीनेक महिने विश्रांती घेऊन गळतात. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणं हा हिशेबातला खर्च. वाढीच्या पाळीवर केसाला दोन ते सहा वर्षं उभं ठेवण्यात अवटूच्या रसाचा हात असतो. तो रस आटला की एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीला जातात. गंमत म्हणजे ते लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिने जागेवर मुकाट बसून राहतात आणि मग एकदम गळतात. म्हणजे गणपतीत बिघडलेलं दिवाळीत कळतं, आणि आपण दिवाळीच्या उटण्याला शिव्या घालतो. टँकरच्या पाण्याची मी मनोमन माफी मागितली.

गोळी सुरू झाली. पन्नास मायक्रोग्रॅमची, इवलीशी, बाटलीत शंभर. पहाटे उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास चहा नाही. ज्या घरात दात घासण्याआधी आधण ठेवतात, तिथे हे पथ्य आजारापेक्षा अवघड. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. ते पाळलं नाही तर ती या गोळीला पोटातच अडवून धरते. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे किती, याचा मी एकदा चहाची वाट बघत हिशेब मांडला. आजीच्या वेळचा सोनार गुंजा टाकून सोनं तोलायचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. रोज न चुकता गोळी घेतली तर एका गुंजेइतकं औषध पोटात जायला साडेसहा वर्षं लागतात. माझा उत्साह, माझा आवाज, माझं पोट साफ होणं आणि माझी वेणी, सगळं त्या गुंजेवर तोललेलं.

1891 साली इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या अवटूचा अर्क टोचला. सुजलेली, मंदावलेली, गारठलेली ती बाई हिंडूफिरू लागली आणि चौऱ्याहत्तर वर्षांची होऊन गेली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. दिवाळीनंतर साताऱ्याच्या रस्त्याने धनगरांचे कळप कोकणाकडे उतरताना मी पाहिलेत, एस.टी. वीस-वीस मिनिटं खोळंबायची. एका बाईसाठी असे कितीतरी कळप! 1927 मध्ये अवटूचा हा रस, म्हणजे तिचं संप्रेरक, प्रयोगशाळेत घडवता आलं, म्हणून माझं काम शंभर गोळ्यांच्या बाटलीवर भागतं.

पण गोळी सुरू केल्यावर दुसऱ्याच महिन्यात केस आणखी गळायला लागले. बाटलीतला कागद उलगडून वाचला तर त्यात स्पष्ट छापलेलं: सुरुवातीला केस गळू शकतात. झालं! मी कोणालाही न सांगता दहा दिवस गोळी बंद ठेवली. असं करणाऱ्या बायका मला पुढे इतक्या भेटल्या की आमचं एक मंडळ निघेल. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, खाली नवा केस उगवायला लागला की तो वरच्या पिकल्या केसाला ढकलतो. नवं पान फुटताना जुनं गळतं, त्याला झाड वाळलं म्हणाल का? मात्रा गरजेहून जास्त झाली तरीही केस जातात, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी रक्त बघायचं, मनाने गोळी तोडायची नाही.

त्या तपासणीत आणखी एक घोटाळा निघाला. दरम्यान मी मैत्रिणीच्या सांगण्यावरून केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत होते. टीएसएच इतकं खाली आलं की मात्रा कमी करायची वेळ आली. डॉक्टरांनी विचारलं म्हणून बोलले, नाहीतर ते जीवनसत्त्व मी औषधात धरतच नव्हते. बायोटिन बऱ्याच यंत्रांच्या चाचणीला चकवतं आणि टीएसएच खोटं कमी दाखवतं. ते थांबवून पुन्हा रक्त दिलं, तर आकडा आठ. मात्रा कमी व्हायची ती वाढून पंचाहत्तर झाली.

सात-आठ महिन्यांनी कपाळाशी बोटभर उंचीचे नवे केस उभे राहिले, कुठल्याच पिनेला न जुमानणारे. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. पार्लरमधल्या मुलीने ते पाहून आनंदाने चिमटाच वाजवला. आता रंग महिनाभर टिकतो. टोकाकडचे जुने राठ केस तिने हळूहळू कापून टाकले; मेलेल्या केसाला गोळी काही करू शकत नाही, ती फक्त मुळाशी बोलते. मला वेडी आशा होती की पांढरेही काळे उगवतील. डोक्यातून काढलेली केसांची मुळं बशीत जगवून त्यांना हे संप्रेरक दिलं, तर ती अधिक रंग तयार करतात, असं 2008 मध्ये संशोधकांनी दाखवलं आहे. बशीतली मुळं भाग्यवान. माझे नवे केस आले ते मऊ आले, दाट आले आणि पांढरेच आले.

गेल्या दिवाळीत भावाच्या मुंजीचा आल्बम काढला होता. आई चुलीजवळच्या बायकांत उभी आहे, वैशाखात, अंगावर लोकरीचं जाकीट. ते जाकीट आम्हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता. मी चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला. तिच्या भुवया डोळ्याच्या मध्यापर्यंत नीट येतात आणि मग, कानाकडच्या बाजूला, विरून जातात. तिथे तिने काजळाने बारीक रेघ ओढलेली आहे. एका बाजूची जरा वर गेलीय.

भुवईचं बाहेरचं एक तृतीयांश टोक झडणं ही या आजाराची जुनी, पुस्तकात लिहिलेली खूण आहे. माझी स्वतःची टोकं गेली होती तेव्हा डॉक्टरांनीच मला ती दाखवली होती.

आईला आळशी म्हणत. आजी म्हणायची, "हिच्या अंगात पाणीच नाही." दुपारी भांडी घासताना ती भिंतीला टेकून झोपायची. तिचा आवाज जाड झाला, तेव्हा वडील म्हणाले, वय झालं. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. तिचं रक्त कोणी कधी तपासलं नाही, त्यामुळे तिला हेच होतं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण 'घरात कोणाला होतं का?' या प्रश्नाला आता मी 'नाही' म्हणत नाही. लेकीला आणि दोन्ही भाच्यांना मी रक्त तपासायला पाठवलं. एका भाचीचं टीएसएच अकरा निघालं. तिची तक्रार एवढीच होती की हायलाइट्स टिकत नाहीत.

डायच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, धातूच्या भांड्यात कालवू नये. म्हणून डायसाठी माझ्याकडे एक निळी प्लास्टिकची वाटी आहे. आईच्या केसांवर आलेली वाटी स्वयंपाकघरात असते. तिच्यावरचं वडिलांचं नाव घासून घासून पुसट झालंय. तिच्यात एका माणसापुरतं दही लागतं.