ओळंबा आणि सूर्यबिंब

सूर्याकडे पाहूं नये, ही ताकीद लहानपणीं आम्हांस जितक्या वेळां मिळाली तितक्या वेळां दुसरी कोणतीही मिळाली नसेल. ताकीद योग्यच होती. परंतु ज्या गोष्टीची मनाई व्हावी तिकडेच मनानें धांव घ्यावी, हा मनुष्यस्वभाव आहे. पन्नाशी उलटल्यावर आम्हीं ऐंशी मिलिमीटरची एक दुर्बीण, तिला फिरविणारें माउंट आणि एक लहानसा कॅमेरा असा संसार जमविला, तो केवळ सूर्याचें छायाचित्र घेण्यासाठीं. आमच्या स्नेह्यांना हें खूळ वाटतें. ते म्हणतात, "२ सप्टेंबर २०२३ रोजीं 'आदित्य एल-१' सूर्याच्या वेधासाठीं निघालें, त्यावरची एक दुर्बीण तर आपल्या पुण्याच्या आयुकेच्या पुढाकारानें सिद्ध झाली. मग तुम्ही अंगणांत कसली खटपट करतां?" या प्रश्नाला आमच्यापाशीं धड उत्तर नव्हतें. गेल्या जानेवारींत कासुर्डीस जें घडलें त्यावरून तें थोडेंबहुत सांपडलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

कासुर्डी हें दौंड तालुक्यांतील गांव. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें जातांना यवतच्या अलीकडे लागतें. आमचे वडील बंधु तेथें शेती पाहतात. दक्षिणेस भुलेश्वराचा डोंगर, सभोंवार उंसाचे फड, आणि हिंवाळ्यांत गुऱ्हाळांचा गोड धुरकट वास. आकाश मात्र ऐसपैस. दुर्बिणीच्या तोंडावर सूर्याचा गाळणीपडदा घट्ट बसवावयाचा आणि शोधदुर्बिणीचें झांकण मुळींच काढावयाचें नाहीं, हे दोन नियम पाळले म्हणजे या उद्योगांत डोळ्यांना भय नाहीं. खरी अडचण निराळीच आहे.

पृथ्वी फिरते, म्हणून सूर्य आपल्याच बिंबाएवढें अंतर अवघ्या दोन मिनिटांत ओलांडतो. त्याला दुर्बिणींत धरून ठेवावयाचें तर माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाशीं समांतर हवा. कासुर्डीस याचा अर्थ असा कीं, तो बरोबर उत्तरेकडे वळवून क्षितिजापासून सुमारें साडेअठरा अंश उचलावयाचा. रात्रीं ध्रुवतारा वाट दाखवितो. दिवसा तो कोठून आणावा? आम्हीं होकायंत्रावर भिस्त ठेविली. मोटर सुरू केली, बिंब मध्यावर आणलें, आणि पाहतों तों पांच मिनिटांत तें एका बाजूस कलंडूं लागलें. पुन्हां मांडलें, पुन्हां तोच प्रकार.

दादा पडवींत बसून हें पाहत होते. ते उठून आले, होकायंत्र उचलून चार पावलें दूर गेले आणि म्हणाले, "अरे, तुझी ही सुई येथें एक दिशा दाखविते आणि तिकडे दुसरी. शेडचे खांब लोखंडाचे आहेत हें तुझ्या लक्षांत कसें आलें नाहीं?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यांनीं घर बांधतांनाचा गवंड्याचा ओळंबा माळ्यावरून काढला व पडवीच्या वाशाला टांगला. "दोरीची सावली खोटें बोलणार नाहीं. सूर्य माथ्यावर कधीं येतो तेवढें तूं सांग."

तेवढा हिशेब आम्हांस येत होता. आपलीं घड्याळें साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेनें चालतात. कासुर्डी त्याच्या बरीच पश्चिमेस, म्हणून तेथील मध्यान्ह सुमारें तेहतीस मिनिटें उशिरा होतो. त्यांत जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत सूर्य स्वतःच अकरा-बारा मिनिटें मागें असतो. तेव्हां पाऊण वाजतांची सावली ती खरी दक्षिणोत्तर रेषा. शंकूच्या छायेवरून दिशा काढण्याची रीत सूर्यसिद्धान्तांत आहे, हें आम्ही कित्येकांना सांगत आलों होतों. ती वापरण्याची बुद्धि मात्र दादांना झाली. त्या सावलीवर आम्हीं चुन्याची फक्की ओढली आणि माउंट तिच्याशीं जुळविलें. मग सूर्यावरचा एक डाग तारेच्या फुलीवर आणून वाट पाहिली. मध्यान्हाच्या सुमारास डाग दक्षिणेकडे सरकला तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेस वळला आहे असें समजावें; उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेस. चार-पांच वेळां स्क्रू किंचित् फिरविल्यावर डाग दहा मिनिटें जागचा हालला नाहीं.

ओळंबा उतरवितांना आम्हांस जेऊरची आठवण झाली. यवतवरून जाणारा लोहमार्ग दौंड, भिगवण मागें टाकून पुढें जेऊरला पोंचतो. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं २२ जानेवारी १८९८ चें खग्रास ग्रहण याच जेऊरला तळ देऊन टिपलें. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेही तेथेंच आले होते. खग्रास स्थिति सुमारें दोनच मिनिटें होती. तेवढ्यांत कांच बिघडली तर दुसरी संधि नाहीं. पुढें १९१२ मध्यें पुण्याची ती वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडईकॅनॉलला गेली. आम्हांस मात्र सूर्य रोज सांपडतो, आणि एका मिनिटांत दोन हजार चित्रें घेऊन त्यांतलीं अठराशें आम्ही खुशाल टाकून देतों!

तीं टाकावींच लागतात. ऊन तापूं लागलें कीं जमिनीवरून चढणारी गरम हवा बिंबाला उकळत्या पाण्यांतल्या नाण्याप्रमाणें थरथरविते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावांतल्या बेटावर आहे, तें पाण्यावरची हवा त्यामानानें शांत असते म्हणून. आमच्या अंगणापाशीं तलाव नाहीं. नुकताच भिजविलेला उंसाचा फड समोर ठेवून सकाळीं साडेनऊच्या सुमारास आम्ही बसतों. हवेच्या त्या थरथरींतही मधूनच क्षणभर स्वस्थता येते. त्या क्षणांचीं चित्रें संगणक निवडतो, डागाला डाग जुळवून एकावर एक रचतो व त्यांची सरासरी काढतो. जें खरें आहे तें प्रत्येक चित्रांत असतें, म्हणून टिकतें. कॅमेऱ्यानें पदरचे मिसळलेले दाणे दर वेळीं निराळ्या जागीं पडतात, म्हणून विरतात. शंभर चित्रें रचलीं कीं ते दहाव्या हिश्शावर येतात. मग त्या मऊ चित्राला धार लावावयाची. मोह शिरतो तो येथें.

दुसऱ्या दिवशीं सकाळचें आमचें चित्र असें उतरलें कीं, काळ्या डागाच्या मधून एक उजळ रेघ आरपार गेलेली दिसली. अशा रेघेला प्रकाशसेतु म्हणतात. आम्ही हरखून गेलों. धार आणखी वाढविली, तसा सेतु आणखी उजळला. यवतहून मोठी प्रत छापून आणली, ती गांवांतील एका शाळेंत लावविली आणि त्या पुलावरून आपली पृथ्वी घरंगळत जाईल वगैरे सांगून मुलांपुढें पाऊण तास बोललों.

त्या संध्याकाळीं आमची बारा वर्षांची पुतणी संगणकापुढें बसली होती. ती म्हणाली, "काका, चहाच्या आधींच्या चित्रांत पूल आहे, नंतरच्या चित्रांत नाहीं. दहा मिनिटांत पडला का?"

आम्हीं हवेवर ढकलून वेळ मारून नेली. पण प्रकाशसेतु कित्येक तास, कधीं कित्येक दिवस टिकतो, हें आम्हांस ठाऊक होतें. रात्रीं झोंप लागेना. उठून पहिल्याच दोनशें चित्रांचे दोन वांटे केले आणि निरनिराळे रचले. एकांत सेतु होता, दुसऱ्यांत नव्हता. अमेरिकेच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीचें त्याच सुमाराचें चित्र उघडलें. डाग अखंड काळा होता. विरून जावयाच्या दाण्यांपैकीं कांहीं उरले होते. त्यांना आम्हीं धार लावून पुलाची योग्यता आणिली होती. लोखंडी खांबानें सुई फिरविली हें दादांना दिसलें. आमची हौस ती सुई कोठें फिरवीत होती हें पाहण्यास मूल लागलें.

सकाळीं दादांना सांगितलें. ते इतकेंच म्हणाले, "भिंत ओळंब्यांत नाहीं असें कळलें तर गवंडी काय करतो? उतरवितो." मग आम्ही पुतणीला बरोबर घेऊन शाळेंत गेलों, तें चित्र काढलें, आणि मुलांना चूक कशी झाली, कोणीं दाखविली, तें जसेंच्या तसें सांगितलें. पहिल्या व्याख्यानापेक्षां या वेळीं मुलांनीं अधिक मन लावून ऐकलें. एकानें विचारलें, "मग आतां लावलेलें खरें कशावरून?" आम्हीं म्हटलें, "दोन वेळां निरनिराळें रचलें, दोन्ही वेळां सारखें आलें म्हणून."

नवें चित्र पुष्कळ मऊ आहे. डाग साधा आहे, भोंवतालीं तांदळाच्या कण्यांसारखे दाणे अंधुक दिसतात, आणि त्यांतला एकेक हजार किलोमीटरांच्या घरांतला आहे, हें सांगितल्यावांचून कोणाला कळावयाचें नाहीं. खालीं पुतणीच्या अक्षरांत लिहिलें आहे: "दोन हजारांपैकीं दोनशें चित्रें."

स्नेह्यांना आतां आम्ही एवढेंच सांगतों कीं, यानाचें चित्र आम्ही आवडीनें पाहतों. पण सूर्यावर नाहीं तें आपल्याला किती सहज दिसतें, हें आम्हांस अंगणांतल्या दुर्बिणीनें शिकविलें. पावसाळ्यांत चुन्याची रेघ धुऊन गेली. दादांनीं तिच्या दोन्ही टोंकांना एकेक फरशी बसवून घेतली आहे, आणि ओळंबा पुन्हां माळ्यावर न टाकतां पडवीच्या खुंटीला टांगून ठेविला आहे.