मातीवाचून मळा

आमच्या बापजाद्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. शेतीची हौस मात्र रक्तात! चाळीच्या गॅलरीत आम्ही सहा डबे मांडले, धुतलेली खडी भरली, मिरची-टोमॅटो लावले. पाण्यात विरघळलेले खत छोट्या पंपाने थेंबथेंब मुळांशी जाई. मे महिन्यात आम्ही लग्नाला गेलो अन् दिवसभर वीज गेली. परतलो तो रोपांनी माना टाकलेल्या! माती ओल धरते, खडी धरत नाही. मुले रडवेली झाली.

आता बादली उंच टांगली आहे. शेवाळ धरू नये म्हणून तिला बाहेरून काळा रंग दिला. सलाईनच्या कोऱ्या नळीने थेंब खाली उतरतो. बादली मुले भरतात. बंधुभगिनींनो, जमिनीवाचून मळा होतो, पण पाण्याची चावी आपल्याच हाती हवी.